परदेशात डॉक्टर म्हणून काम करायचे आहे? पदवी, परवाना आणि नोकरी यांचा हिशेब आधी मांडा

आपल्या अनेक घरांत पहिला डॉक्टर याच पिढीत तयार झाला आहे. एमबीबीएस पूर्ण होताच त्याच्यासमोर दोन वाटा दिसतात. एक पीजीच्या नीटची आणि दुसरी परदेशाची. दुसऱ्या वाटेबद्दल माहिती देणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांतले बरेच जण काहीतरी विकायला बसलेले असतात. कोणी कोचिंग विकतो, कोणी जर्मन भाषेचा वर्ग, कोणी 'हमखास नोकरी'. म्हणून ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि आखाती देश या पाच ठिकाणी भारतात शिकलेल्या डॉक्टरला नेमके काय लागते, ते आम्ही या लेखात एकत्र मांडत आहोत. कॅनडाचा उल्लेख ओघात येईल.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. पदवी, परवाना आणि नोकरी ही तीन वेगळी दारे आहेत. एक उघडले म्हणून दुसरे आपोआप उघडत नाही. आणि प्रत्येक देशात अडवणारे दार वेगळे असते. ब्रिटनमध्ये परीक्षा पास होणारे पुष्कळ आहेत, अडते ते नोकरीपाशी. अमेरिकेत अडते ते रेसिडेन्सीच्या जागेपाशी आणि व्हिसापाशी. जर्मनीत भाषेपाशी. ऑस्ट्रेलियात वेळेपाशी आणि कामाच्या ठिकाणापाशी. आपला देश निवडताना 'कोणती परीक्षा सोपी' हा प्रश्न विचारू नका. 'माझे कोणते दार अडणार आहे' हा प्रश्न विचारा.

पदवी म्हणजे परवाना नव्हे

हा भेद जुना आहे. इंग्रजी राजवटीत भारतीय वैद्यकीय पदव्यांना ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलची मान्यता असे. १९३० मध्ये त्या कौन्सिलने ती मान्यता पुढे चालू ठेवायला नकार दिला. त्यावरून इथे मोठा वाद झाला आणि १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला. स्वातंत्र्यानंतर हजारो भारतीय डॉक्टर ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये गेले. १९७५ मध्ये भारतीय पदव्यांची थेट मान्यता पुन्हा गेली आणि परदेशी डॉक्टरांसाठी परीक्षा सुरू झाली. आजची 'प्लॅब' परीक्षा तिचीच पुढची पायरी आहे.

थोडक्यात, आपली पदवी खरी आहे की नाही, हा प्रश्न दुसरा देश फक्त सुरुवातीला विचारतो. त्यानंतर 'आमच्या रुग्णावर उपचार करायला तुम्ही योग्य आहात का' हे तो स्वतः तपासतो. हा अपमान मानण्याचे कारण नाही. परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरला भारतही हेच विचारतो.

कुठेही जा, आधी हे हवे

देश कोणताही असो, काही कागद आणि काही गोष्टी सगळीकडे लागतात. इंटर्नशिप चालू असतानाच त्यांची तयारी सुरू केली, तर पुढचे कित्येक महिने वाचतात.

*महाविद्यालयाची नोंद.* आपले महाविद्यालय 'वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स' या जागतिक यादीत आहे का, ते पाहा. त्यापुढे कोणत्या देशासाठी ती पदवी ग्राह्य आहे, याचीही नोंद तिथे असते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२३ मध्ये जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची दहा वर्षांसाठी मान्यता मिळाली आहे. त्यामुळे आयोगाने मान्यता दिलेल्या भारतीय महाविद्यालयांच्या पदवीधरांना अमेरिकेच्या दृष्टीने मोठा अडथळा राहिलेला नाही.

*नाव.* ही बाब लहान वाटते, पण आपल्याकडे सर्वात जास्त अडचणी इथेच येतात. दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव मधे, आणि लग्नानंतर मुलीचे नाव आणखी वेगळे. अनेक कुटुंबांनी आडनावही बदललेले असते. परदेशी परीक्षा मंडळांना पासपोर्ट आणि पदवी यांवरचे नाव जुळलेले लागते. नाव बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धी, विवाह प्रमाणपत्र आणि आवश्यक असल्यास प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. परीक्षेसाठी पहिले खाते उघडण्यापूर्वी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. आधी खाते आणि मग पासपोर्ट, असा उलटा क्रम घेतला की पत्रव्यवहारात महिने जातात.

*पदवीची पडताळणी.* अमेरिकेतील फिलाडेल्फियाची 'ईसीएफएमजी' ही संस्था पदवीची थेट विद्यापीठाकडून किंवा महाविद्यालयाकडून खात्री करून घेते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाही तिच्याच 'एपिक' या सेवेचा उपयोग करतात. आखाती देशांत हे काम प्रामुख्याने 'डेटाफ्लो' ही कंपनी करते. तुमच्या महाविद्यालयातून उत्तर जायला वेळ लागला तर तुमचे काम थांबते. म्हणून अधिष्ठाता कार्यालयात हे काम कोण पाहते, ते आधीच विचारून ठेवा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आहे. तिथल्या गुणपत्रिकांच्या प्रमाणित प्रती एकदाच जास्त संख्येने काढून ठेवलेल्या बऱ्या.

*नोंदणी आणि चांगल्या वर्तणुकीचा दाखला.* महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची कायम नोंदणी घ्या आणि दर पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण चुकवू नका. परदेशी कौन्सिल 'गुड स्टँडिंग' प्रमाणपत्र मागते, म्हणजे तुमच्यावर कोणतीही शिस्तभंगाची कारवाई नाही असा दाखला. ब्रिटनमध्ये तो तीन महिन्यांहून जुना चालत नाही. म्हणून तो फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही.

*इंटर्नशिप.* बारा महिन्यांची सलग, नीट नोंदलेली इंटर्नशिप लागते. 'सही करून घेऊ, पोस्टिंगला जायचे कशाला' असा विचार करणाऱ्यांना पुढे मुलाखतीत आणि प्रात्यक्षिक परीक्षेत त्याची किंमत मोजावी लागते.

*बंधपत्र.* शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस केलेल्यांवर एक वर्षाच्या सक्तीच्या सेवेचे बंधन आहे. ते पूर्ण करणार की दंड भरणार, आणि आपल्या बॅचच्या बंधपत्रात नेमके काय लिहिले आहे, हे स्वतः वाचा. मूळ कागदपत्रे महाविद्यालयात अडकून राहिली की परदेशातली नोकरी थांबत नाही, निघून जाते. आणि ग्रामीण रुग्णालयातले ते वर्ष वाया गेले असे समजू नका. स्वतंत्रपणे रुग्ण पाहण्याचा तो अनुभव परदेशी मुलाखतीत सांगता येतो.

*इंग्रजी.* मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना या टप्प्याची सर्वात जास्त भीती वाटते. खरे तर ही परीक्षा सरावाने नक्की जमते. ब्रिटनसाठी आयईएलटीएस ॲकॅडेमिकमध्ये एकाच बैठकीत चारही भागांत किमान ७ आणि एकूण ७.५ लागतात. त्याऐवजी डॉक्टरांसाठीची ओईटी परीक्षा देता येते, तिथे चारही भागांत 'बी' श्रेणी हवी. ओईटीमध्ये रेफरल पत्र लिहायचे असते आणि रुग्णाशी बोलायचे असते. त्यामुळे वॉर्डात काम केलेल्यांना ती जास्त जवळची वाटते. निकाल दोन वर्षांनी शिळा होतो. म्हणून बाकीची तयारी नसताना ही परीक्षा फार आधी देऊ नका.

ब्रिटन: परीक्षा सुटते, नोकरी अडते

एमबीबीएसनंतर सर्वाधिक विचारला जाणारा मार्ग हाच. जनरल मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी मिळवण्यासाठी प्लॅबचे दोन टप्पे आहेत.

पहिला टप्पा लेखी. तीन तासांत १८० बहुपर्यायी प्रश्न. ही परीक्षा भारतातल्या केंद्रांवरही देता येते. प्रश्न पाठांतराचे नसतात. 'हा रुग्ण समोर आहे, आता सर्वात योग्य पुढचे पाऊल कोणते' असे असतात, आणि उत्तर ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे द्यायचे असते.

दुसरा टप्पा प्रात्यक्षिक. तो फक्त मँचेस्टरमध्ये होतो. १६ प्रसंग, प्रत्येकाला आठ मिनिटे. समोर रुग्णाची भूमिका करणारा माणूस असतो. संतापलेला मुलगा, वाईट बातमी ऐकायची असलेली आई, औषध घ्यायला नकार देणारा वृद्ध. निदान बरोबर आले पण रुग्णाचे ऐकूनच घेतले नाही, तर गुण जातात. आपल्या ओपीडीत एका सकाळी शंभर रुग्ण पाहायची सवय लागलेली असते. तिथे एका रुग्णाला 'तुम्हाला काय वाटते, कशाची काळजी आहे' असे विचारायची सवय नव्याने लावावी लागते.

मुदती लक्षात ठेवा. पहिला टप्पा पास झाल्यापासून दोन वर्षांत दुसरा, आणि दुसऱ्यानंतर दोन वर्षांत नोंदणी. दुसऱ्या टप्प्याची फी एकट्यानेच हजार पौंडांच्या आसपास जाते. त्यावर विमान, व्हिसा, मँचेस्टरमधला मुक्काम आणि तिथल्या सराव वर्गाचा खर्च.

आता खरी अडचण. ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या डॉक्टरांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जण परदेशात शिकलेले आहेत. तो देश परदेशी डॉक्टरांवर चालतो हे खरे. ऑक्टोबर २०१९ मध्ये सगळ्या डॉक्टरांचा समावेश तिथल्या टंचाईच्या व्यवसायांच्या यादीत झाला. त्यानंतर प्रशिक्षणाच्या जागांसाठी परदेशी पदवीधरही तिथल्या पदवीधरांच्या बरोबरीने अर्ज करू लागले. अर्ज झपाट्याने वाढले, जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. २०२५ मध्ये विशेष प्रशिक्षणाच्या सुमारे १० हजार जागांसाठी ३० हजारांहून अधिक डॉक्टर स्पर्धेत होते. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात ब्रिटिश सरकारने तिथल्या पदवीधरांना प्रशिक्षणात प्राधान्य देण्याचे ठरवले. विशेष प्रशिक्षणात एनएचएसमध्ये बराच काळ काम केलेल्यांनाही हे प्राधान्य मिळावे, असे त्यात म्हटले आहे.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? प्लॅब पास होऊन नोंदणी झाली की थेट प्रशिक्षणाची जागा मिळेल, असे गृहीत धरू नका. बहुतेकांची सुरुवात प्रशिक्षणाबाहेरच्या कनिष्ठ पदावर होते. अशा एका पदासाठीही शेकडो अर्ज येतात. नोंदणी हातात असून महिनोन्‌महिने नोकरी नसलेले डॉक्टर तिथे आहेत. त्यांतले काही उसनवारीच्या पैशांवर खोलीचे भाडे भरत आहेत.

म्हणून ज्यांचे भारतात एमडी किंवा एमएस झाले आहे किंवा चालू आहे, त्यांनी प्लॅबऐवजी रॉयल कॉलेजच्या परीक्षांचा विचार करावा. एमआरसीपी, एमआरसीएस यांसारख्या पात्रतेवरही नोंदणी मिळते. त्यातले लेखी भाग भारतात देता येतात आणि नोकरीच्या अर्जात त्यांना वजन असते. दुसरा मार्ग 'मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह' नावाच्या योजनेचा. त्यात जास्तीत जास्त दोन वर्षे ब्रिटनमध्ये प्रशिक्षण घेऊन परत यायचे असते. कायम राहायचे नसेल आणि कौशल्य घेऊन यायचे असेल तर तो सरळ मार्ग आहे.

अमेरिका: परवान्याच्या आधी रेसिडेन्सी

अमेरिकेत बाहेरचा डॉक्टर कितीही अनुभवी असला तरी बहुतेक राज्यांत तिथली रेसिडेन्सी केल्याशिवाय पूर्ण परवाना मिळत नाही. टेनेसीसारख्या काही राज्यांनी अनुभवी परदेशी डॉक्टरांसाठी तात्पुरत्या परवान्याची वाट काढली आहे, पण नव्या एमबीबीएससाठी रेसिडेन्सी हाच रस्ता.

त्यासाठी आधी ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र लागते. यूएसएमएलई स्टेप १ आणि स्टेप २ सीके या दोन परीक्षा, पदवीची पडताळणी आणि ओईटी मेडिसिन, हे त्यातले मुख्य टप्पे आहेत. इथे आयईएलटीएस चालत नाही. जानेवारी २०२२ पासून स्टेप १ चा निकाल फक्त पास किंवा नापास असा लागतो. त्यामुळे स्टेप २ च्या गुणांचे महत्त्व वाढले आहे. दोन्ही स्टेप भारतात देता येतात, स्टेप ३ मात्र अमेरिकेतच. कोणत्याही स्टेपला जास्तीत जास्त चार प्रयत्न. एकदा पास झाल्यावर गुण वाढवण्यासाठी ती पुन्हा देता येत नाही. म्हणून 'एकदा देऊन पाहू' हा विचार इथे महागात पडतो.

सप्टेंबरमध्ये अर्ज, हिवाळ्यात मुलाखती, मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी 'मॅच'चा निकाल आणि १ जुलैच्या सुमारास रुजू, असे तिथले वर्षचक्र आहे. २०२५ च्या मॅचमध्ये अमेरिकेचे नागरिक नसलेल्या आणि बाहेर शिकलेल्या अर्जदारांपैकी सुमारे ५८ टक्क्यांना पहिल्या वर्षाची जागा मिळाली. म्हणजे दहापैकी चारांहून अधिक जणांचे ते वर्ष रिकामे गेले. हे सगळे परीक्षा पास झालेले डॉक्टर होते, हे विसरू नका.

त्यातही दोन गोष्टी निर्णायक ठरतात. एक, पदवी मिळून किती वर्षे झाली. जितकी जास्त वर्षे, तितक्या मुलाखती कमी. दोन, अमेरिकेतल्या रुग्णालयातला अनुभव आणि तिथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रे. विद्यार्थी असताना केलेल्या इलेक्टिव्हमध्ये प्रत्यक्ष रुग्णाला हात लावता येतो. पदवीनंतर बहुधा नुसते बघण्याची, म्हणजे ऑब्झर्व्हरशिपचीच संधी उरते. हे शेवटच्या वर्षाला कळले तर उपयोग आहे, पदवीनंतर कळून नाही.

व्हिसा हा शेवटचा अडसर. बहुतेकांना जे-१ मिळतो. त्यासाठी भारताच्या आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते आणि प्रशिक्षणानंतर परत येण्याची लेखी हमी द्यावी लागते. प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. ही अट माफ व्हावी म्हणून 'कॉनरॅड ३०' योजना आहे. प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा, आणि बदल्यात डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम. एच-१बी देणारी रुग्णालये कमी, त्यासाठी स्टेप ३ आधी हवी. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. त्यामुळे तो दरवाजा आणखी अरुंद झाला आहे.

कॅनडाचा विचार करणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की तिथल्या रेसिडेन्सीच्या जागांसाठी मुळात नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा दर्जा लागतो. तिथे डॉक्टर होण्याआधी स्थलांतरित व्हावे लागते.

ऑस्ट्रेलिया: जागा आहे, पण शहरापासून दूर

ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिलच्या 'स्टँडर्ड' मार्गात आधी १५० प्रश्नांची संगणकावरची परीक्षा आणि नंतर प्रात्यक्षिक परीक्षा असते. प्रात्यक्षिकाऐवजी काही रुग्णालयांत काम करता करता मूल्यमापन करून घेण्याची सोयही आहे, पण अशा जागा थोड्या. लेखी परीक्षेनंतर नोकरी मिळाली तर मर्यादित नोंदणीवर, देखरेखीखाली काम सुरू करता येते.

दुसरा मार्ग कमी लोकांना माहीत असतो. प्लॅब पास होऊन ब्रिटनमध्ये बारा महिने देखरेखीखाली काम केलेल्या डॉक्टरला ऑस्ट्रेलियाच्या 'कॉम्पिटंट अथॉरिटी' मार्गाने अर्ज करता येतो आणि तिथल्या परीक्षा टळतात. ब्रिटनमध्ये पुढे जागा नाही असे दिसल्यावर अनेक डॉक्टर याच वाटेने निघून जातात. म्हणून ब्रिटन निवडणाऱ्याने हा दुवा मनात ठेवावा.

तिथली मोठी अट म्हणजे दहा वर्षांची. बाहेर शिकलेल्या डॉक्टरला मेडिकेअर या सरकारी विम्यातून रुग्णाचे पैसे घ्यायचे असतील, तर साधारण दहा वर्षे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागातच काम करावे लागते. सरकारी रुग्णालयात पगारावर काम करणाऱ्याला ही अट आड येत नाही. जनरल प्रॅक्टिस करणाऱ्याचे आयुष्य मात्र तिच्यावर ठरते. मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी यांचा विचार या दहा वर्षांच्या हिशेबाने करा.

जर्मनी: सगळे भाषेवर

जर्मनीबद्दल आपल्याकडे सध्या फार बोलले जाते, कारण तिथे प्रशिक्षणासाठी वेगळी प्रवेश परीक्षा नाही. रुग्णालयाने नोकरी दिली की पगारी प्रशिक्षण सुरू होते. हे खरे आहे. पण त्याआधी कायम परवाना, म्हणजे 'आप्रोबात्सिओन' लागतो, आणि तो प्रत्येक राज्याचे स्वतंत्र कार्यालय देते. जर्मनीत १६ राज्ये आहेत. एका राज्यातली कागदपत्रांची यादी दुसऱ्या राज्यात तशीच चालेल असे नाही.

भाषेचे दोन टप्पे आहेत. आधी सर्वसाधारण जर्मन बी-२ पातळीपर्यंत. मग डॉक्टरांची भाषा परीक्षा, सी-१ पातळीची. तिचे वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात: रुग्णाशी बोलणे, ते लिहून काढणे आणि दुसऱ्या डॉक्टरला सांगणे. त्यानंतर भारतीय पदवी तिथल्या पदवीच्या तोडीची आहे का ते तपासले जाते. फरक निघाला तर ज्ञान परीक्षा द्यावी लागते. ती तोंडी आणि प्रात्यक्षिक असते, मुख्य भर मेडिसिन आणि सर्जरीवर, आणि एकूण तीनच प्रयत्न. दरम्यान जास्तीत जास्त दोन वर्षांच्या तात्पुरत्या परवान्यावर काम करता येते.

'सहा महिन्यांत जर्मन आणि नोकरी' अशा जाहिराती येतात. शून्यापासून बी-२ गाठायलाच नियमित अभ्यास करून साधारण वर्ष लागते, आणि वैद्यकीय जर्मन त्यापुढे. हा काळ भारतात कमावता कमावता काढता येतो का, हा इथला खरा प्रश्न आहे.

आखाती देश: अनुभव घेऊन जा

दुबई, अबुधाबी आणि संयुक्त अरब अमिरातीतली बाकीची अमिराती यांचे परवाने वेगळे आहेत. सौदी अरेबियात तिथला आरोग्य व्यवसाय आयोग परवाना देतो. सगळीकडे क्रम साधारण सारखा: कागदांची डेटाफ्लो पडताळणी, संगणकावरची परीक्षा आणि मग नोकरी देणाऱ्या रुग्णालयामार्फत परवाना. परीक्षा तुलनेने सुटसुटीत असते. पण रुग्णालयांना अनुभवी माणूस हवा असतो आणि एमडी झालेल्याला मागणी जास्त असते. अनुभवात खंड पडला असेल तर त्याचे कारण विचारले जाते. पगारावर आयकर नाही, कर्ज लवकर फिटते. मात्र राहण्याचा हक्क बहुधा नोकरीशी बांधलेला असतो. आखाताकडे काही वर्षांची कमाई म्हणून पाहावे, स्थायिक होण्याचा मार्ग म्हणून नव्हे.

परदेशातून एमबीबीएस करायला निघालेल्यांसाठी

रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान इथे शिकून 'पुढे युरोपात किंवा अमेरिकेत जाईन' असे सांगणारे विद्यार्थी भेटतात. त्यांनी दोन देशांचे नियम एकाच वेळी सांभाळायचे असतात.

भारताचे नियम असे. परदेशात प्रवेश घेण्यापूर्वी नीट पात्रता हवी. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, संपूर्ण शिक्षण एकाच संस्थेत, तिथेच बारा महिन्यांची इंटर्नशिप आणि त्या देशात तिथल्या नागरिकाप्रमाणे डॉक्टरकी करता येईल अशी पात्रता. परत आल्यावर ३०० प्रश्नांची एफएमजीई, पास व्हायला १५० गुण, आणि नंतर इथे आणखी बारा महिने इंटर्नशिप. या परीक्षेचा निकाल बहुतेक सत्रांत निम्म्याहून खूप कमी लागतो.

तिसऱ्या देशात जायचे तर तिथल्या कौन्सिलला ते विद्यापीठ मान्य आहे का, ते प्रवेशापूर्वीच पाहावे लागते. एजंटच्या माहितीपत्रकावर 'जागतिक मान्यता' लिहिलेले असते. तशी एक मान्यता कुठेही अस्तित्वात नाही. प्रत्येक देश आपापली देतो.

शिष्यवृत्ती आणि एमपीएचचा गैरसमज

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. दरवर्षी ७५ जणांना ती मिळते. ती विद्यापीठातल्या शिक्षणासाठी आहे. प्लॅब किंवा यूएसएमएलई यांची फी, कोचिंग, मँचेस्टरचा प्रवास यांसाठी ती नाही. त्या खर्चाची सोय वेगळी करावी लागते.

त्यातून एक गैरसमज वाढतो. डॉक्टर मुले सार्वजनिक आरोग्यात एमपीएच करायला लंडनला किंवा अमेरिकेला जातात आणि घरचे समजतात की आता तो तिथे डॉक्टर होणार. एमपीएच ही उत्तम पदवी आहे. धोरण, संशोधन, साथरोग, आरोग्य संस्था यांत काम करायचे तर ती घ्यावीच. पण ती रुग्ण तपासण्याचा परवाना देत नाही. ती करता करता परवान्याच्या परीक्षाही द्यायच्या असतील तर तसा वेळ आणि पैसा आधी ठरवा, आणि व्हिसा संपायची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

पैसे देण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

कार्यकर्त्यांकडे एखादा विद्यार्थी किंवा त्याचे आईवडील सल्ल्याला येतात, तेव्हा हे प्रश्न त्यांच्यासोबत बसून सोडवावेत, असे आम्हाला वाटते.

१. परीक्षा पास झाल्यावर नोकरी मिळेपर्यंत किती महिने बिनपगारी काढता येतील? घरावर कर्ज किती आहे आणि हप्ता कोण भरणार?

२. परीक्षेची तयारी भारतात नोकरी करत करता येईल का? वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करणाऱ्याचा अनुभव वाढतो आणि सेवेत खंडही पडत नाही. नोकरी सोडून दोन वर्षे घरी बसणाऱ्याचे दोन्ही बाजूंनी नुकसान होते.

३. एजंट जे काम करून देणार आहे, ते स्वतः करता येते का? प्लॅब, यूएसएमएलई, ऑस्ट्रेलियाची परीक्षा, या सगळ्यांचे अर्ज उमेदवाराने स्वतः, संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर भरायचे असतात. खात्याचा पासवर्ड कोणालाही देऊ नका. खोटे अनुभवपत्र किंवा बनावट कागद सापडला तर त्या एका देशाचेच नव्हे, सगळ्या देशांचे दार बंद होऊ शकते, कारण कौन्सिल एकमेकांना माहिती देतात.

४. नियम कोणत्या तारखेचा आहे? मित्राने तीन वर्षांपूर्वी जे केले ते आज चालेलच असे नाही. फी, गुणमर्यादा आणि व्हिसा हे तिन्ही दर वर्षी अधिकृत संकेतस्थळावर तपासा.

५. हा मार्ग बंद झाला तर दुसरा कोणता? पीजीची नीट, डीएनबी, राज्य सेवेतले पद, यांपैकी एक तरी वाट उघडी ठेवूनच परदेशाची तयारी करावी.

याच गावांतून, याच वस्त्यांतून गेलेले डॉक्टर आज त्या देशांतल्या रुग्णालयांत काम करत आहेत. त्यांच्याकडून आमची एक अपेक्षा आहे. नव्या मुलाचा बायोडाटा एकदा वाचून द्या, अर्ध्या तासाची सराव मुलाखत घ्या आणि खरी परिस्थिती सांगा. तिथे जागा नसेल तर नाही म्हणून सांगा. वेळेवर मिळालेला तो नकार एखाद्या घराचे दहा-पंधरा लाख रुपये वाचवू शकतो.

आणि ज्याला जायचेच आहे त्याने कामाला आजच लागावे. पासपोर्ट आणि पदवी समोर ठेवा आणि दोन्हीवरचे नाव अक्षर न्‌ अक्षर जुळते का ते पाहा.